संमतीपत्र, सातबारा आणि तारेखालची सत्तावीस मीटर जमीन

पुण्यातील एका कंत्राटदार कंपनीत काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरूर तालुक्यातून जाणाऱ्या १३२ केव्ही (किलोव्होल्ट) पारेषण वाहिनीचा, म्हणजे टॉवरवरून वीज नेणाऱ्या उच्चदाब तारांचा, अकरा किलोमीटरचा टप्पा आणि तिच्या टोकाला होणाऱ्या उपकेंद्राची पाच एकर जागा त्यांच्याकडे सोपवली आहे. वाहिनी ६३ गटांतून, म्हणजे जमिनीच्या क्रमांकित तुकड्यांतून, जाते. त्यांपैकी ४१ खातेदारांनी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर ‘टॉवर व तारांस माझी हरकत नाही’ असे लिहून दिले आहे आणि उरलेले २२ जण तयार नाहीत. ही संमतीपत्रे पुरेशी आहेत का, नाही म्हणणाऱ्यांचे काय करायचे, आणि काम झाल्यावर पुढच्या काळात तारांखाली बांधकामे होऊ नयेत म्हणून आज काय करून ठेवावे, असे तीन प्रश्न त्यांनी मांडले आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेले असते, म्हणून संमतीपत्रांपासून सुरुवात करतो. तुमच्या हातातली ४१ पत्रे निरुपयोगी नाहीत, परंतु तुम्ही समजता तो हक्क त्यांनी मिळत नाही. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा लेखी ‘हरकत नाही’चा अर्थ बहुतेक वेळा परवानगी एवढाच निघतो. परवानगी देणाऱ्याने जमीन विकली, तर घेणारा केवळ खरेदीदार म्हणून त्या परवानगीने बांधला जात नाही, असे त्याच कायद्याचे कलम ५९ सांगते. परवानगीवर विसंबून कायम स्वरूपाचे बांधकाम खर्च करून उभे केले असेल, तर ती देणाऱ्याला परत घेता येत नाही, हे कलम ६० मधले संरक्षण खरे आहे आणि वकील ते हमखास पुढे करतात. पण ते देणाऱ्याच्या विरुद्ध चालते. नव्या मालकाच्या विरुद्ध ते किती चालेल यावर वाद घालत बसण्यात चार-सहा वर्षे जातात. शिक्रापूर, रांजणगाव, सणसवाडी या पट्ट्यात आज ज्याने सही केली तोच दहा वर्षांनी मालक असेल, असे धरून चालणे धाडसाचे आहे.

मग सुखाधिकाराचाच दस्त नोंदवून का घेऊ नये, असा प्रश्न येतो. त्यात एक अडचण आहे, जी आपल्याकडे फार कमी लोक लक्षात घेतात. कलम ४ प्रमाणे सुखाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, म्हणजे ज्या जमिनीला लाभ होतो अशी एक जमीन त्यात असावी लागते. विहिरीवरून शेजारच्या शेतात जाणारा पाट हे त्याचे सोपे उदाहरण. अकरा किलोमीटर दूर असलेल्या उपकेंद्राच्या जागेला वाटेतल्या ६३ गटांवर सुखाधिकार आहे, हे म्हणणे ओढूनताणून आणलेले ठरते. याच कारणामुळे वाहिन्या आणि नळमार्ग यांच्यासाठी कायदेमंडळांनी स्वतंत्र वैधानिक वापरहक्क निर्माण केले आहेत. तुमचा हक्क माणसाच्या शब्दावर उभा नसावा, तो जमिनीला चिकटलेला असावा, आणि पारेषण वाहिनीच्या बाबतीत तसा हक्क कायद्यातूनच येतो.

तो असा. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६४ खाली शासन लेखी आदेशाने परवानाधारकाला, म्हणजे वाहिनीचा परवाना असलेल्या वीज कंपनीला, १८८५ च्या भारतीय तार कायद्यातील तार प्राधिकरणाचे अधिकार देऊ शकते. हे अधिकार मिळाले की तार कायद्याच्या कलम १० प्रमाणे जमिनीवरून, जमिनीखालून किंवा जमिनीत वाहिनी नेता येते. मात्र त्यातून जमिनीत केवळ वापराचा हक्क मिळतो, नुकसान शक्य तितके कमी करायचे असते आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची असते. नवा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये आला आणि जुना तार कायदा निरस्त करण्याची तरतूद त्यात आहे. तरी कलम १६४ खालील वाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा तिसरा भाग त्यात राखून ठेवला आहे, त्यामुळे ‘तार कायदा आता उरलाच नाही’ असे कोणी गावात येऊन सांगितले तर गोंधळू नका. असे अधिकार असताना जमीनमालकाची पूर्वसंमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून सर्वप्रथम एक कागद शोधा. ज्या परवानाधारकासाठी तुम्ही काम करता, त्याच्या नावे कलम १६४ चा आदेश आहे का, आणि तो या वाहिनीला लागू होतो का? जुन्या सार्वजनिक पारेषण कंपन्यांना हे अधिकार बहुधा सरसकट मिळालेले असतात, खासगी परवानाधारकाला मात्र राजपत्रात वेगळी अधिसूचना लागते. विद्युत कायद्याच्याच कलम ६८ ची मंजुरी म्हणजे कलम १६४ चा आदेश नव्हे. पहिली ओव्हरहेड वाहिनी उभारण्याची परवानगी आहे, दुसऱ्यातून जमिनीत शिरण्याचे अधिकार येतात, आणि हे दोन कागद एकच समजून कामाला लागलेल्या किमान तीन कंपन्या मी पाहिल्या आहेत. आदेश नसेल तर तुम्ही २००६ च्या परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांखाली येता. तेथे मालकाची किंवा ताबेदाराची पूर्वसंमती लागते, आणि त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. त्या परिस्थितीत तुमच्या ४१ पत्रांचे मोल वाढते, आणि २२ जणांसाठी २२ प्रस्ताव तयार करावे लागतात.

आदेश असेल तर त्या २२ जणांचे काय? प्रत्यक्ष अडथळा झाला तर तार कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून काम करू देण्याचा आदेश मिळवता येतो, आणि भरपाईच्या रकमेचा वाद त्याच कलमाखाली जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. हा रस्ता सरळ आहे, पण मी तो शेवटी वापरतो. पोलीस बंदोबस्तात उभा केलेला टॉवर तीस-चाळीस वर्षे त्याच शेतात उभा राहतो, आणि देखभालीसाठी तुमचा वायरमन दरवर्षी त्याच बांधावरून जाणार असतो. मावळात पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला आणि त्यानंतर ते काम वर्षानुवर्षे ठप्प राहिले. पुणे जिल्ह्यात कोणत्याही वाहिनीची आखणी करणाऱ्याला ही तारीख ठाऊक असली पाहिजे, असे माझे मत आहे.

नाही म्हणणाऱ्या २२ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोक टॉवरला नव्हे, आकड्याला नाही म्हणत असतात, आणि तो आकडा त्यांना कोणी नीट मांडून दाखवलेला नसतो. तो मांडून दाखवतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या पायासाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के असे प्रमाण होते. जून २०२४ च्या सुधारित तत्त्वांत ते अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्के झाले. राज्यात प्रत्यक्ष देय दर मात्र राज्याच्या शासन निर्णयाने ठरतो, तेव्हा तुमच्या वाहिनीला त्या तारखेस लागू असलेला निर्णय हातात घेऊनच गावात जा. केवळ समजण्यासाठी धरा की जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये आहे, टॉवरच्या पायांमधले अंतर सहा मीटर आहे आणि सुधारित तत्त्वांप्रमाणे चारही बाजूंना एक-एक मीटर वाढवायचा आहे. पायाचे क्षेत्र ८ गुणिले ८, म्हणजे ६४ चौरस मीटर झाले आणि २०० टक्क्यांनी १,२८,००० रुपये आले. आता पट्टा पाहा. १३२ केव्हीसाठी मार्गहक्काची रुंदी साधारण २७ मीटर धरतात, २२० केव्हीसाठी ती ३५ मीटर असते. त्या शेतात तारांची लांबी २०० मीटर असेल तर पट्टा ५,४०० चौरस मीटरचा, आणि ३० टक्क्यांनी रक्कम येते १६,२०,००० रुपये.

म्हणजे ज्याच्या शेतात टॉवर आहे त्याच्यापेक्षा, ज्याच्या शेतात टॉवर नाही पण तारा लांबवर जातात, त्याला जास्त पैसे मिळू शकतात. गावात सगळे भांडण ‘टॉवर माझ्या बांधावरून तुझ्या बांधावर’ यावर होते आणि पट्ट्याचे माप कोणी विचारत नाही. कंत्राटदारही ते आपणहून सांगत नाहीत, ही आपल्या धंद्यातली लाजिरवाणी गोष्ट आहे. मी एका बैठकीत शेतकऱ्याच्याच वहीत हा हिशेब करून दिला होता. त्याने आकड्याकडे बघितले, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘साहेब, हे आधी का नाही सांगितलं? मी सहा महिने उगाच टॉवर सरकवायला भांडलो.’ त्या गावातल्या नऊ हरकतींपैकी सात त्या आठवड्यात मिटल्या. उरलेल्या दोघांची हरकत खरी होती. एकाची बोअर पट्ट्याच्या मध्यावर येत होती आणि दुसऱ्याला घर वाढवायचे होते. दोघांसाठी आखणी थोडी वळवली आणि वळणावर लागणारा एक कोनातला टॉवर वाढला. त्याचा खर्च न्यायालयातल्या दोन वर्षांपेक्षा कमीच होता.

जमिनीच्या भरपाईशिवाय पिके, झाडे आणि कामाच्या काळात तुडवलेली जमीन यांचे पैसे वेगळे द्यायचे असतात. त्याचा पंचनामा पाया खोदण्यापूर्वी एकदा, टॉवर उभारताना एकदा आणि तारा ओढताना एकदा, असा तीनदा करा. ऊस उभा असताना तारा ओढल्या तर पहिल्या पंचनाम्यातले सोयाबीन कोणाच्याही कामाचे नसते. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभागाकडून घ्यावे. पाईप, तारांची रिळे, टॉवरचे सुटे भाग ठेवायला शेताचा तुकडा काही महिने लागणार असेल, तर तो तोंडी घेऊ नका, लेखी करार करा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ८१ मध्ये पडीक किंवा शेतजमिनीचा कमाल तीन वर्षांसाठी तात्पुरता ताबा घेण्याची सोयही आहे.

पैसे कोणाला द्यायचे, हा यापुढचा खरा कस आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले आजही सापडते. सही त्याची, खाते त्याचे, पैसे त्याला दिले, आणि दोन वर्षांनी पुण्यात किंवा पिंपरीत राहणाऱ्या बहिणीचा वाटणीचा दावा आला, तर तुमची भरपाई पुन्हा उकरली जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा सहदायिकीतला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला, हक्क मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तो जन्माने मिळतो हे निःसंदिग्ध केले. म्हणून ए.कु.मॅ. किंवा अ.पा.क. (अज्ञान पालक कर्ता) अशी नोंद दिसली की तो फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील बदलाची मूळ नोंद, उघडून पाहायचा, त्यामागचे वारस लिहून काढायचे आणि हिस्सा वादातीत असेल तेवढीच रक्कम थेट ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची. वाद असेल तर ती थोरल्याच्या हवाली करायची नाही, योग्य प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा करायची. एका घरी मी वारसांची यादी वाचत होतो, तेव्हा ओटीवर शेंगा निवडत बसलेली आजी मध्येच म्हणाली, ‘आणि सुंदर?’ सुंदर ही तिची लग्न करून दिलेली मुलगी, सातबाऱ्यावर कधी न आलेली. ते नाव त्या दिवशी लिहिले गेले नसते, तर पुढे ते दाव्याच्या कागदावर आले असते.

सातबारा आणि आठ-अ पाहून थांबू नका. शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या वर्ग २ च्या जमिनी, कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या कुळकायद्याच्या कलम ४३ च्या अटी, देवस्थान इनाम, वतन, आदिवासी खातेदार आणि धरणग्रस्तांसाठीचे पुनर्वसनाचे शेरे हे सगळे ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरात असते. जुन्या फेरफाराच्या क्रमांकावर ते आलेले असतात, तो फेरफार काढून वाचावाच लागतो. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा काही ठिकाणी नकाशा, गुणाकार बुक (मोजणीवरून क्षेत्र काढल्याची वही) आणि सातबाऱ्याचे क्षेत्र यांचा मेळ बसला नाही. तुमच्या अकरा किलोमीटरमध्ये असे दोन-तीन गट निघतील, हे धरूनच चला. त्यासाठी संयुक्त मोजणी, म्हणजे भूमि अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाचा भूकरमापक, तुमचा सर्वेक्षक आणि खातेदार एकत्र, अशीच करा. खासगी सर्वेक्षकाचा ड्रोन नकाशा बघायला सुंदर असतो, पण तहसीलदारांसमोर आणि न्यायालयात उभी राहते ती मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा अधिकृत नकाशा.

वाटेत येणाऱ्या शासकीय जागांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या कागदपत्रांनी निकाली निघतात, फक्त वेळ लागतो. पाटबंधारे कालवा, राज्य मार्ग, रेल्वे आणि वनजमीन यांच्यासाठी प्रत्येकी स्वतंत्र परवानगी लागते, आणि वनजमिनीचा प्रस्ताव सर्वांत आधी पाठवावा. पुण्याभोवती एक गोष्ट जास्तीची आहे. खडकी, देहूरोड, पुणे छावणी यांच्या आसपास संरक्षण खात्याच्या जमिनी अशा पसरलेल्या आहेत की गावच्या नकाशात रिकामी दिसणारी जागाही लष्कराची निघते.

आता उपकेंद्राची पाच एकर. येथे वापरहक्क पुरत नाही, मालकीच लागते. सार्वजनिक यंत्रणेसाठी जमीन हवी असेल तर दोन मार्ग आहेत. खासगी वाटाघाटीने थेट खरेदी करताना, महसूल विभागाच्या १२ मे २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे कायद्याने येणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के वाढीव रक्कम देता येते, आणि एका उपकेंद्रासाठी हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. २०१३ च्या कायद्याने संपादन करायचे, तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना, कलम १९ ची घोषणा आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत मोबदला ठरवणारा निवाडा असा क्रम आहे. निवाडा मुदतीत झाला नाही तर सारी कार्यवाही व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होते, शासनाने मुदत वाढवली असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कलम १० अ घालून काही प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देण्याची सोय केली आहे. मोबदल्यात बाजारमूल्य, त्याला गुणायचा ग्रामीण भागासाठीचा गुणांक, झाडे-विहीर-बांधकाम, त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के, इतके घटक येतात. गुणांक राज्याने वेळोवेळी बदलला आहे, तो अधिसूचनेच्या तारखेचाच धरायचा. खरेदी असो वा संपादन, तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, नुसती ऑनलाइन पाहून समाधान मानू नका, दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष बघा.

उपकेंद्राच्या जागेला जाणारा रस्ता विसरू नका. अनेक टन वजनाचा ट्रान्सफॉर्मर गावच्या शिवेवरून जाणार असतो, आणि ‘वहिवाटीचा रस्ता आहे’ हे शेतकऱ्याने सांगितलेले वाक्य बैलगाडीपुरतेच खरे असते. रस्त्याची पट्टी जागेबरोबर त्याच दस्तात घ्या.

तिसरा प्रश्न, हक्क टिकवण्याचा. येथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पाणीपुरवठा यंत्रणेत होतो. हवेली तालुक्यातल्या एका गावातून आम्ही पाच मीटर रुंदीची पट्टी वाटाघाटीने घेतली, पैसे चुकते केले, पावत्या फाईलला लावल्या आणि जलवाहिनी टाकून मोकळे झालो. फेरफार करून घेणे माझे काम होते. ‘नंतर एकत्र करू’ म्हणून ते राहिले, आणि पुढे माझी बदली झाली. नऊ वर्षांनी उन्हाळ्यात त्या वाहिनीला गळती लागली, तेव्हा मला जुना माणूस म्हणून बोलावले. पट्टीवर एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले होते आणि त्यांवर घरे झाली होती. ज्या जॉइंटमधून पाणी येत होते तो नेमका एका घराच्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली होता. त्या बाईंनी कर्ज काढून तुकडा घेतला होता, आणि घेताना सातबारा पाहिला होता. त्यावर आमचे नावच नव्हते, तर त्यांना दोष कसा द्यायचा? पैसे दिल्याची पावती आमच्या कपाटात होती आणि जमीन त्यांच्या कागदावर. शेवटी वाहिनी वळवली, आणि त्या गावाच्या एका भागाला महिनाभर टँकर लागले.

म्हणून भरपाई देण्याच्या दिवशीच तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद करण्याचा अर्ज द्या, आणि त्यात पट्ट्याची रुंदी, लांबी, भरपाईची तारीख व आदेशाचा क्रमांक लिहा. ‘विद्युत वाहिनी’ एवढीच मोघम नोंद झाली तर तिचा उपयोग अर्धाच. हरकतीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की नाही, हे आपला माणूस पाठवून पाहा. प्रलंबित फेरफार वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. उपकेंद्राच्या जागेचे कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमि अभिलेखाचा कागद) होऊन नकाशात पोटहिस्सा दुरुस्त झाला, तरच ती जागा मोजणीच्या दृष्टीने तुमची. दुसरी प्रत नियोजन प्राधिकरणाला द्या. शिरूरचा जो भाग पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे तेथे त्यांच्याकडे, बाकी ठिकाणी सहायक संचालक, नगररचना यांच्याकडे, टॉवरच्या अक्षांश-रेखांशांसह वाहिनीचा नकाशा पोचता करा. बांधकाम परवानगी मागायला कोणी गेला की तेथल्या टेबलावरच पट्टा दिसला पाहिजे. तारांखाली स्लॅब पडल्यावर दिलेली नोटीस दहापट महाग पडते.

जमिनीखालच्या तेल-वायूच्या वाहिन्यांना कायद्याचे कवच जास्त घट्ट आहे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज नळमार्ग कायद्याच्या कलम ९ मध्ये पट्ट्यावर इमारत, विहीर, तलाव आणि झाडे यांना स्पष्ट मनाई आहे. भरपाईत नुकसानीबरोबर बाजारमूल्याच्या १० टक्के रक्कम येते. तारांच्या पट्ट्यासाठी अशी एका कलमात सांगितलेली मनाई नाही. तेथे विद्युत सुरक्षेची अंतरे आणि बांधकाम नियम यांचाच आधार घ्यावा लागतो, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या नोंदी जास्त महत्त्वाच्या ठरतात. उपकेंद्रातून बाहेर पडणारी भूमिगत केबल असेल, तर खुणेचे खांब लावा आणि खोदण्यापूर्वी खालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ व्यवस्थेत तिची माहिती भरा. पुण्याच्या रस्त्यांवर दरवर्षी काय काय तुटते, ते नव्याने सांगायला नको.

न्यायालयाचा भाग वकिलांवर सोडा, पण दोन गोष्टी तुम्हालाही ठाऊक असू द्या. विशिष्ट साहाय्य कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने, पायाभूत सुविधा प्रकल्पाची प्रगती अडेल असा मनाई हुकूम देण्यावर बंधन आले आहे. त्याच्या भरवशावर मात्र बेसावध राहू नका. ज्यांच्याकडून दाव्याची शक्यता वाटते त्यांच्या नावे दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये’ असा अर्ज, दाखल करा, आणि ते ९० दिवसांनी संपते हे दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दुसरे, अनेक वर्षे तारा आहेत म्हणून जमिनीवर आपला हक्क झाला, असा बचाव सार्वजनिक यंत्रणेने घेऊ नये. राज्याला नागरिकाच्या जमिनीवर ‘विरुद्ध कब्जा’चा, म्हणजे दीर्घकाळच्या ताब्यावरून मालकीचा, दावा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विद्या देवी प्रकरणात सांगितले. भरपाई न देता घेतलेल्या जमिनीचे बिल आज ना उद्या येतेच.

तुमच्या बाबतीत या महिन्यात करायचे ते असे. कलम १६४ च्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळवा. ४१ संमतीपत्रे फेकू नका. प्रत्येकाला टॉवरचे व पट्ट्याचे माप आणि भरपाईचा हिशेब दाखवणारे एक पानी पत्रक जोडा, त्यावर खातेदाराच्या सर्व वारसांच्या सह्या घ्या, म्हणजे तेच पत्र भरपाईच्या नोंदीला आणि फेरफाराला पुरावा होईल. मग २२ जणांकडे तेच पत्रक आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा, कोरी वही सोबत ठेवा आणि हिशेब त्यांच्यासमोर त्यांनाच करू द्या. त्यानंतरही जे नाही म्हणतील त्यांच्या बोअरी, विहिरी आणि घरांच्या जागा नकाशावर लाल पेनने खुणा करून मला पाठवा. कोणता टॉवर सरकवता येतो ते आपण पाहू, आणि कलम १६ चा अर्ज उरलेल्या गटांपुरताच तयार करू.